ऊर्ध्वसेवा मंडळाची शिडी

माणसाची उंची आणि छताची उंची यांत जो फरक राहतो त्याला अडचण म्हणतात. तो फरक भरून काढायला चार माणसं एकत्र आली की त्यांना मंडळ म्हणतात. मंडळ स्थापन झालं की फरक तसाच राहिला तरी चालतो, कारण आता त्याची नोंद होऊ लागलेली असते.

तंजावुरात हा फरक इतर गावांपेक्षा जरा जास्त आहे. मराठा राजांबरोबर इथं आलेली मराठी कुटुंबं राजे गेल्यावरही राहिली. त्यांनी शाळा, बँका आणि सरकारी कचेऱ्या सांभाळल्या, ऐसपैस घरं बांधली, मुलं शिकवली, आणि शिकलेली मुलं चेन्नई, सिंगापूर, अमेरिका अशी टप्प्याटप्प्यानं लांब पाठवून दिली. मागं उरले ते खाली आईवडील आणि वर दिवे. आईवडिलांची उंची वयानुसार कमी होते, दिव्यांची होत नाही.

तीन वर्षांपूर्वी जवळच्या ओरत्तनाडू गावचे एक निवृत्त पोस्टमास्तर ट्यूबलाइट बदलायला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढले आणि पडले. पाण्याची मोटर दुरुस्त करायला गेलेल्या गिरीश नावाच्या वायरमनला ते अर्ध्या दिवसानंतर सापडले. खुबा मोडला होता. पुढं ते चार महिने जगले. त्यांच्या तेराव्याला जमलेल्या मंडळींना फार हळहळ वाटली आणि जेवणं झाल्यावर तिथंच 'ऊर्ध्वसेवा मंडळा'ची स्थापना झाली. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जाऊन उंचावरची कामं विनामूल्य करायची, हा उद्देश. (महाराष्ट्रात 'ऊर्ध्व लागणे' याचा अर्थ श्वासाशी आणि शेवटाशी जोडलेला आहे असं नंतर कोणीतरी कळवलं. पण तोवर लेटरहेड छापून झालं होतं.)

मंडळानं पहिल्याच वर्षी त्रेसष्ट घरांची पाहणी केली. उंचावर पोचण्यासाठी घरोघरी काय वापरतात, याचे आकडे असे निघाले: प्लॅस्टिकची खुर्ची एकतीस घरं, टेबलावर स्टूल चौदा, खाटेवर तांदळाचा डबा नऊ, वॉशिंग मशीन चार, उंच शेजारी तीन, अंधारात राहणं पसंत दोन. हे आकडे एका परिषदेत वाचले गेले आणि त्यांना टाळ्या पडल्या.

प्रत्यक्ष चढण्यासाठी मंडळानं गिरीशला नेमलं. गिरीश राव, वय एक्केचाळीस, वजन ब्याण्णव किलो, आयटीआयमधून वायरमन झालेला. घराण्यात बाकी सगळे बँकेत किंवा कॉलेजात. त्यामुळं लग्नकार्यात त्याची ओळख 'हाताचं काम चांगलं येतं' अशी, थोडा आवाज उतरवून करून दिली जायची. त्याच्याकडं बांबूच्या दोन शिड्या होत्या. त्यांची टोकं दोरीनं एकत्र बांधली की त्या खोलीच्या मधोमध घोड्यासारख्या आपल्या पायांवर उभ्या राहत. त्या तो लोडऑटोच्या टपावर टाकून नेई. अशा रीतीनं त्यानं पापनाशमपर्यंतच्या गावांत दोन वर्षं दिवे बदलले, पंखे पुसले, टाक्या पाहिल्या. या काळात मंडळाचं काम व्यवस्थित चाललं होतं. पण प्रगती अशी म्हणता येत नव्हती.

प्रगती म्हणजे व्हॅन. परदेशातल्या मुलांनी मिळून मंडळाला एक नवी कोरी बंद व्हॅन दिली. टपावर मंडळाच्या आणि देणगीदारांच्या नावांचा बोर्ड बसवला. बोर्ड देवनागरीत असावा असा अध्यक्ष तुळजाजी राव यांचा आग्रह होता. गावात देवनागरी वाचता येणारे मोजकेच, त्यांत पेंटर नव्हता आणि तुळजाजीही नव्हते. पेंटरनं फोनवरचं चित्र बघून अक्षरं काढली आणि शिरोरेषा खाली मारली, कारण रेघ अक्षराखाली मारतात असं त्याला शाळेत शिकवलं होतं. सात महिने कोणाच्या लक्षात आलं नाही.

बोर्डामुळं टपावर शिडी ठेवायला जागा राहिली नाही. आत ठेवावी, तर गिरीशनं टेप लावून पाहिलं: मागच्या दारापासून ड्रायव्हरच्या सीटपर्यंत सहा फूट दोन इंच. त्यातून नोंदवह्यांचं कपाट, पाहणीला येणाऱ्या सदस्यांसाठी दोन खुर्च्या आणि सत्काराच्या शाली ठेवायची पेटी वजा जाता उरले तीन फूट आठ इंच. बांबूच्या शिड्या बारा फुटी. गाडीत आटोपशीर मिटून बसेल अशी शिडी घेणं भाग होतं.

गिरीश मोपेडवरून कीळवासलच्या हार्डवेअर दुकानात गेला. तिथं त्यानं तीन शिड्या उघडून पाहिल्या. त्यांतली चार घड्यांची एक त्याला पसंत पडली. मिटल्यावर सव्वातीन फूट, पायांना जाड रबर, आणि मुख्य म्हणजे उघडल्यावर दोन्ही बाजूंना पाय फाकून ती स्वतःची स्वतः उभी राहत होती. तिच्यावर चढून, ब्याण्णव किलोंनिशी दोनदा उडी मारून, तो खाली उतरला. एकूण अकरा मिनिटं लागली. त्यानं अर्ध्या कागदावर माप लिहून तुळजाजींना नेऊन दिलं.

तुळजाजी पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं होते. कालव्याच्या एका दाराची निवड करण्यात त्यांची नऊ वर्षं गेली होती आणि ते दार बसलं तेव्हा कालव्याची दिशा बदललेली होती. पण निवड मात्र निर्दोष होती, हे लेखापरीक्षकांनीही मान्य केलं होतं. त्यांनी अर्धा कागद दोन्ही बाजूंनी पाहिला.

"अकरा मिनिटं?"

"हौ, सार."

"गिरीश, अकरा मिनिटांत झाला त्याला निर्णय म्हणत नाहीत. त्याला अपघात म्हणतात."

दुसऱ्याच दिवशी शिडी निवड समिती नेमण्यात आली. अध्यक्ष तुळजाजी, चिटणीस रंजनाबाई (निवृत्त प्राचार्या), तज्ज्ञ सल्लागार म्हणून चेन्नईहून पडद्यावर साईप्रिया, आणि तीन सदस्य. गिरीशला घेतलं नाही. शिडीवर तोच चढणार असल्यामुळं शिडीत त्याचा हितसंबंध होता, आणि हितसंबंध असलेल्या माणसानं निवडीपासून दूर राहावं हे तत्त्व जगभर मान्य आहे. समितीतल्या कोणाचाही गेल्या पंधरा वर्षांत कुठल्याही शिडीशी संबंध आलेला नव्हता. इतकी निःपक्षपाती समिती तंजावुरात क्वचितच झाली असेल.

समितीचं काम सुरू झालं त्याच आठवड्यात, नऊ एप्रिलला, सरोजा टीचरच्या हॉलमधला पंखा थांबला.

टीचर एकोणऐंशी वर्षांच्या. उंची चार फूट अकरा इंच, वजन एक्केचाळीस किलो. बत्तीस वर्षं त्यांनी मुलांना फिजिक्स शिकवलं. गावातले निम्मे मराठी पेन्शनर आणि गिरीश, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. पती नाहीत. मुलगी लावण्या सिंगापूरला. घरात मागं एक खोली होती, पण पश्चिमेची, तव्यासारखी तापणारी. उठणं, बसणं, जेवण, झोप सगळं हॉलमध्ये. छत अकरा फूट.

गिरीश व्हॅन घेऊन गेला. शिडी नव्हती, पण तक्रार आल्यापासून चोवीस तासांत व्हॅन दारात उभी राहिली पाहिजे असा नियम होता, आणि तो मंडळानं आजवर एकदाही मोडलेला नाही. त्यानं बटण दाबलं. पंखा गुणगुणला, फिरला नाही.

"कपॅसिटर गेला, टीचर. बदलायला पाच मिनिटं लागतात." त्यानं डबीएवढी ती पांढरी वस्तू शर्टाच्या खिशातून काढून दाखवली.

"मग बदल."

"शिडी नाहीं."

"निसण नाहीं?" टीचर घरातला जुना शब्द वापरत. "आणि गाडी कशाला आणलीस?"

गिरीशनं पंख्याची खालून पाहणी केली, वहीत 'पाहणी समाधानकारक' असं लिहिलं, आणि टीचरनी दिलेलं ताक पिऊन तो परत आला. खिशातला कपॅसिटर त्यानं खिशातच ठेवला. दोनतीन दिवसांचा तर प्रश्न होता.

समितीची पहिली बैठक नावावरून झाली. मंडळाच्या कागदांवर 'शिडी' होतं. रंजनाबाईंचं म्हणणं, आपल्या घरात अजून 'निसण' म्हणतात, तिकडं महाराष्ट्रात हा शब्द विसरले, आपण तरी जपावा. एक सदस्य म्हणाले की बाजारात जाऊन निसण मागितली तर कोणी देणार नाही, तमिळमध्ये 'एणी' म्हणावं लागेल. अडीच तास चर्चा होऊन असं ठरलं की वस्तूला निसण म्हणावं, खरेदीपुरती तिला एणी समजावं, आणि चढताना ती शिडी असावी. हा ठराव एकमतानं झाला. चढणाऱ्याला तो कळवण्यात आला.

दुसऱ्या बैठकीत साईप्रियांनी गुणपत्रक मांडलं. त्या चांगल्या शिकलेल्या होत्या आणि पुष्कळ ठिकाणच्या पुष्कळ गोष्टी त्यांनी निवडून दिल्या होत्या. शंभर गुण असे वाटले: आटोपशीरपणा तीस, दिसणं वीस, गाडीच्या रंगाशी जुळणं पंधरा, देणगीदारांची नावं लावायला जागा पंधरा, वजनानं हलकी असणं दहा, मंडळाच्या परंपरेशी सुसंगती पाच, चढता येणं पाच. (शेवटच्या बाबीला आधी तीनच गुण होते. गिरीशनं दाराशी उभं राहून विनंती केली तेव्हा परंपरेतले दोन कापून तिकडं दिले. समिती ऐकून घेत नाही असं म्हणता यायचं नाही.)

तिसऱ्या बैठकीत परदेशातल्या मुलांना प्रश्नावली पाठवायचं ठरलं. दोनशे चौदा उत्तरं आली, तीही चार दिवसांत. इतका उत्साह मंडळाला अपेक्षित नव्हता. एकानं शिडीला फोनवरून पाहता येईल असा कॅमेरा सुचवला. एकीनं त्या धातूचा पर्यावरणावर काय परिणाम होतो ते विचारलं. लावण्यानं सिंगापूरहून लिहिलं की पायांचं रबर राखाडी असावं, काळं रबर फरशीवर डाग पाडतं, आणि आईची फरशी फार छान आहे.

त्या छान फरशीवर आई ओला पंचा टाकून त्याच्यावर निजत होती. मे उजाडला, कत्तिरी लागली. तंजावुरात कत्तिरी म्हणतात त्या ऐन आगीच्या दिवसांत भिंतीला हात लावला तर भिंत आधी हात काढून घेते. टीचर एका हातानं विंझणा हलवत आणि दुसऱ्या हातात फोन असा धरत की मागचा पंखा लावण्याला दिसू नये.

"सगळं बरं अहे," त्या सांगत. "तू जेवलीस कां?"

गावात दुसरे वायरमन नव्हते असं नाही. टीचरनी दोघांना फोन केले. एकानं उद्या येतो म्हटलं, दुसऱ्यानं परवा. एका पंख्यासाठी, एकट्या म्हातारीच्या घरी, उद्या आणि परवा हे वार कॅलेंडरात कधी येत नाहीत. म्हणून तर मंडळ निघालं होतं. गिरीश दर तीन दिवसांनी व्हॅन घेऊन जाई, पंख्याकडं पाही, वहीत लिही. तक्रारीचा पाठपुरावा या बाबतीत त्या महिन्यात मंडळाचा आकडा शंभर टक्के होता.

त्यानं तुळजाजींना विचारलं नाही असंही नाही. बांबूच्या शिड्या स्वतःच्या खर्चानं ऑटोत घालून नेतो म्हणाला. पण निवड चालू असताना दुसरी शिडी वापरली तर निवडीवर दबाव येतो, असं उत्तर मिळालं. शिवाय मंजूर नसलेल्या शिडीवरून पडला तर विमा नाही. आणि त्याच्या हातून टीचरच्या घरात काही झालं तर कोण जबाबदार? या शेवटच्या प्रश्नावर गिरीश परत फिरला. पोस्टमास्तरांना उचलताना त्यांनी त्याचं मनगट धरलं होतं, ती पकड त्याला अजून कधीकधी जाणवायची. नियमाप्रमाणं वागलं की निदान आपल्यामुळं काही होत नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं. ही समजूत फार माणसांना पुरते.

एकतिसाव्या दिवशी तो गेला तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. पंख्याखाली फॉर्मायकाचं टेबल ओढलेलं, टेबलावर लाकडी खुर्ची. टीचरनी निऱ्या खोचल्या होत्या, एक पाय बाजूला ठेवलेल्या स्टुलावर होता आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर.

गिरीशनं पुढं होऊन त्यांचे दोन्ही दंड धरले.

"टीचर, उतरा."

"सोड. मी हिशेब करूनच चढते अहे. टेबलाचा पाय डावीकडं कच्चा. तुझं वजन ते सोसणार नाहीं, माझं सोसेल. तू खालून कपॅसिटर दे."

"नक्को, टीचर. पाया पडतो."

"गिरीशा, गेले आठ दिवस मी झोपले नाहीं." आवाज शाळेतलाच होता, पण खालच्या पट्टीत. "वाचायला घेतलं तर अक्षरं तरंगतात. काल चुलीवर दूध ठेवून विसरले. पडून मरेन म्हणतोस ना? बसूनही मरतात."

गिरीशनं त्यांना खाली उतरवलं, खुर्ची काढली, टेबल भिंतीला लावलं. मग तो तिथूनच तुळजाजींना फोन करायला अंगणात गेला. आवाज चढवायचा असं ठरवून गेला होता. पण पलीकडून बातमी चांगली होती. चाचण्या संपत आल्या होत्या, पंधरवड्यात शिडी येत होती, आणि पहिली सेवा टीचरच्याच घरी करायची असं समितीनं ठरवलं होतं. गिरीश आत येऊन म्हणाला, "दोन आठवडे, टीचर. वचन द्या, चढणार नाहीं." टीचरनी त्याच्याकडं, चुकीचं उत्तर लिहिलेल्या पाटीकडं पाहावं तसं पाहिलं. वचन मात्र दिलं. त्यांचं अंथरूण गिरीशनं खिडकीजवळ हलवून दिलं आणि आपल्या घरचा टेबलफॅन आणून लावला. तो जुना होता. तीन दिवसांनी त्यानंही मान टाकली.

चाचण्यांबद्दल सांगितलं पाहिजे. पाच नमुने सभागृहात मागवले होते. प्रत्यक्ष चढून पाहावं असा नियम होता; परंतु सहापैकी चार सदस्यांचे गुडघे, एकाचा रक्तदाब आणि एक सदस्य पडद्यावर, अशी स्थिती असल्यामुळं शिड्या जमिनीवर आडव्या ठेवण्यात आल्या आणि सदस्य त्यांच्या पायऱ्यांमध्ये पावलं टाकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. तुळजाजींनी पाचही शिड्या न थांबता पार केल्या. 'चढण सुखद, उंचीची भीती वाटत नाही,' असा शेरा त्यांनी पाचही ठिकाणी दिला. चढता येण्याचे पाचपैकी पाच गुण सगळ्यांना मिळाल्यामुळं त्या बाबीनं निकालावर फरक पडला नाही.

फरक पडला अर्ध्या फुटानं. गिरीशची घडीची शिडी मिटून सव्वातीन फूट होत होती. दुर्बिणीसारखी एकात एक सरकणारी जी होती, ती पावणेतीन फुटांत बसत होती, चंदेरी होती, आणि उघडताना प्रत्येक पायरीला टक् असा आवाज करत होती. हा आवाज साईप्रियांना पडद्यावरूनही आवडला. सत्त्याण्णव गुण मिळवून दुर्बिणीची शिडी निवडली गेली. समितीनं एकमेकांचं अभिनंदन केलं आणि शिडीवर देणगीदारांची नावं चिकटवायला दिली.

सव्वीस मेला, सत्तेचाळिसाव्या दिवशी, सकाळी दहा वाजता टीचरच्या हॉलमध्ये सेवारंभ झाला. तेहतीस माणसं, दोन हार (एक शिडीला, एक टीचरना), फोटोग्राफर. थांबलेल्या पंख्याखाली तेहतीस माणसं बसली की काय होतं हे सांगायला फिजिक्स लागत नाही. रंजनाबाईंनी प्रास्ताविक आवरतं घेतलं. तुळजाजींनी स्वतः शिडी उघडली. टक्, टक्, टक्. बारा पायऱ्या उंच झाल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग सगळ्यांनी वर पाहिलं.

शिडी उंच होती, चंदेरी होती, हलकी होती. फक्त ती टेकायला भिंत लागत होती. आणि पंखा, सगळ्या जगात लावतात तसा, खोलीच्या मध्यभागी लावलेला होता.

"पंखा मधे अहे," एक सदस्य म्हणाले. हे त्यांचं समितीतलं पहिलं तांत्रिक निरीक्षण होतं.

"पंखा भिंतीजवळ सरकवून घेता येईल," तुळजाजी विचार करून म्हणाले. "उपसमिती नेमू."

तोवर कार्यक्रम खोळंबू नये म्हणून चार सदस्य पुढं झाले. शिडी आम्ही मधोमध उभी धरतो, गिरीशनं चढावं. चौघांच्या वयांची बेरीज दोनशे सत्त्याण्णव होती. त्यांनी शिडी धरली; ती त्यांच्या हातांबरोबर हलू लागली. सगळे गिरीशकडं पाहू लागले. फोटोग्राफरनं गुडघा टेकला. गिरीशनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसरीवर ठेवला. चारही म्हातारे त्याच्या वजनाबरोबर एका दिशेला झुकले.

"गिरीशा, खाली उतर."

टीचर हार काढून उठल्या होत्या. बत्तीस वर्षं ज्या आवाजानं वर्ग उभा राहिला, त्या आवाजानं शिडी धरणारे चौघे सरळ झाले. त्यांतले दोघे त्यांचेच विद्यार्थी.

"शिडी कशावर टेकते?" टीचरनी विचारलं.

चौघांनी आपापल्या हातांकडं पाहिलं.

"माणसांवर टेकत नाहीं," त्या म्हणाल्या. "आठवीचा धडा अहे. बसा सगळे. पाणी आणते."

गिरीश उतरला. पण सेवारंभ झाल्याशिवाय कार्यक्रम संपवता येत नव्हता. शेवटी शिडी पूर्वेच्या भिंतीला टेकवली, गिरीशला तिच्यावर चढवलं आणि तिथं जरा वाकडं टांगलेलं कॅलेंडर त्यानं सरळ केलं. फोटो उत्तम आला. खाली ओळ होती: 'ज्येष्ठ शिक्षिकेच्या घरी मंडळाची तत्पर ऊर्ध्वसेवा.'

मंडळी पांगली. गिरीशनं व्हॅनची किल्ली तुळजाजींच्या हातात ठेवली आणि "येतो, सार" एवढंच म्हणाला. तो चालत घरी गेला आणि तिथून आपली मोपेड घेऊन मांडव घालणाऱ्या सुब्रमण्यमकडं गेला. त्याच्याकडं चार घड्यांची जुनी शिडी होती, रंग उडालेली, चुन्याचे शिंतोडे पडलेली. ती मोपेडवर पायांपाशी उभी राहिली, गुडघ्यांत धरली की हलतही नव्हती. दुपारी चार वाजता तो टीचरच्या दारात आला.

मेन स्विच बंद केला. शिडी मधोमध फाकवली. वर चढला, खिशातून कपॅसिटर काढला, जुना सोडवला, नवा जोडला. उतरला. सहा मिनिटं झाली. त्यांतलं एक कोळिष्टकं पुसण्यात गेलं.

बटण दाबलं. पंखा एकदा थरथरला आणि फिरू लागला. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं आणि पुन्हा वाकडं झालं. टीचर पंख्याखाली खुर्चीत बसल्या, डोळे मिटून घेतले. गिरीशला वाटलं झोप लागली.

"गिरीशा," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "तो पहिल्या दिवसापासून तुझ्या खिशात होता?"

"हौ, टीचर."

"आणि सुब्रमण्यमची निसण?"

"तीही होती."

टीचरनी डोळे उघडले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं गिरीशला वाटलं. सत्तेचाळीस दिवस पंखा कोणी अडवला याचं उत्तर त्याला समितीत शोधायचं होतं. ते समितीपर्यंत पोचेना, शर्टाच्या खिशापाशीच थांबत होतं.

"ताक आत अहे," टीचर म्हणाल्या. "मलाही आण. आज तू वाढ."

त्यानंतर मंडळाचं एक पत्र दोघांनाही आलं. मंजूर नसलेल्या साधनानं पंखा सुरू झाल्याचं समजतं. नोंदीनुसार मात्र तो बंद आहे. तरी पंखा सरकवणाऱ्या उपसमितीचा अहवाल येईपर्यंत त्याला बंदच समजण्यात यावं. टीचरनी पत्राखाली लाल शाईनं 'फिरतो' असं लिहिलं, शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या आणि परत पाठवलं. गिरीशनं उत्तर दिलं नाही. तो आता मोपेडवरून फिरतो. पायाशी शिडी, हँडलला पिशवी. कावेरीकाठच्या गावांत एका पंख्यासाठीही जातो, आणि उद्या येतो असं कोणाला म्हणत नाही. मंडळाचं काही अडलेलं नाही. व्हॅन दर मंगळवारी धुतात.

उलट मंडळाचा विस्तार चालू आहे. शिडी निवड समितीवर आणखी सदस्य हवे आहेत आणि बाहेरगावच्या मराठी मंडळींनाही दार उघडं आहे. चढण्याचा अनुभव नको. दुर्बिणीची बरी की घडीची, याबद्दल मत असलं म्हणजे झालं. आणि इथपर्यंत वाचताना आपलं ते झालेलंच असणार. अट एकच. आपले आईवडील राहतात त्या घराचं छत किती उंच आहे, आणि तिथला शेवटचा गेलेला दिवा कोणी, कशावर उभं राहून बदलला, हे ज्यांना न विचारता सांगता येतं, त्यांनी कृपया अर्ज करू नये. अशा माणसांना समितीचं काम जमत नाही.